अलकापुरीतली ऑस्ट्रेलिया कन्सल्टन्सी: व्हिसा मिळेपर्यंत उत्तम, नंतरच्या पॅकेजला शून्य स्टार

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणार आहे, पण ज्यांच्या घरात मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकायला जायच्या गोष्टी चालल्यात त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, मुलगा एमएस युनिव्हर्सिटीतून बीकॉम झाला आणि मग मेलबर्नला मास्टर्ससाठी गेला. फाईल केली होती अलकापुरीतल्या एका कन्सल्टन्सीतून. नाव लिहीत नाही कारण पैसे परत मिळायचं बोलणं अजून चालू आहे, आणि त्याच ऑफिसातल्या एका मुलीचे माझ्यावर उपकार आहेत, ते पुढे येईलच. स्टार द्यायचे तर व्हिसाच्या कामाला चार आणि "पोस्ट लँडिंग सपोर्ट" नावाचं जे पॅकेज विकतात त्याला शून्य.

चांगलं आधी लिहिते कारण ते खरं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये फाईल टाकली. त्याच वर्षी १ जुलैपासून स्टुडंट व्हिसाची फी ७१० डॉलरवरून एकदम १६०० केली होती, म्हणजे आपले नव्वद हजारांच्या आसपास, त्यामुळे रिफ्युजल आलं तर एवढे पैसे पाण्यात ही धास्ती होतीच. पण ह्या लोकांनी काम नीट केलं. मुलगा खरंच शिकायलाच जातोय का हे बघायला अर्जात जेन्युइन स्टुडंटचे जे प्रश्न असतात त्याची उत्तरं मुलाकडूनच लिहून घेतली, कॉपी पेस्ट नाही केलं, बँकेत २९,७१० डॉलर एवढा वर्षाच्या राहण्याचा खर्च दाखवावा लागतो त्याचे कागद कसे लावायचे ते समजावलं, लोनचं सँक्शन लेटर, हेल्थ इन्शुरन्स, मेडिकल सगळं वेळेवर झालं. ह्याचे त्यांनी आमच्याकडून काही घेतले नाहीत, युनिव्हर्सिटी त्यांना कमिशन देते असं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ग्रॅन्ट, म्हणजे व्हिसाची मंजुरी, आली त्या दिवशी पेढे घेऊन गेलो, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो लावलेत त्यात आमच्याही लेकाचा लागला.

त्याच दिवशी पॅकेज विकलं. पंचवीस हजार अधिक १८ टक्के जीएसटी, एकोणतीस हजार पाचशे. एअरपोर्टवर गाडी, सिमकार्ड, बँक अकाउंट, पहिल्या आठवड्याची खोली, पार्ट टाईम कामाचं मार्गदर्शन आणि छापील कागदावर शेवटची ओळ, "कोर्स पूर्ण होईपर्यंत एनरोलमेंट व व्हिसाविषयक संपूर्ण सहाय्य". ह्या शेवटच्या ओळीसाठी मी पैसे भरले. गाडी आणि सिम काय, तिथे पोचल्यावर कुणीही करून देतं. मला वाटलं पोरगं एकटं आहे, कागदपत्रात कुठे अडलं तर विचारायला कुणीतरी आपलं असावं.

मार्च २०२५ ला कॉलेज सुरू झालं. त्याच्या युनिव्हर्सिटीत वर्षाचे तीन ट्रायमेस्टर, मार्च, जुलै आणि नोव्हेंबर. पहिल्यात चार विषयांपैकी तीन पास झाला. आणि मे महिन्यात इकडे ह्यांना छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी करावी लागली, दोन स्टेंट. मेडिक्लेममधून थोडं मिळालं, बाकी घरातलं गेलं, आणि घरातलं म्हणजे त्याच्या जुलैच्या ट्रायमेस्टरचे साडेबारा हजार डॉलर भरायला जे बाजूला ठेवलं होतं तेच. लोनचा पुढचा हप्ता बँकेकडून सुटायला वेळ होता. मुलाने आम्हाला टेन्शन नको म्हणून आम्हाला विचारलंच नाही, थेट ऑफिसच्या त्या सपोर्टच्या नंबरवर मेसेज केला की फी भरायला जमत नाहीये, काय करू.

आता त्याला उत्तर काय मिळालं ते ऐका. त्यांचा मेलबर्नला एक माणूस आहे, पार्टनर म्हणतात, त्याने सांगितलं युनिव्हर्सिटी सोड, एक कॉलेज आहे, डिप्लोमा कर लीडरशिप मॅनेजमेंटचा, फी एक चतुर्थांश, आठवड्यात दोन दिवस क्लास, तू आधी इथून विथड्रॉ कर, आठ दिवसात नवीन ऑफर लेटर आणून देतो. पोराने विथड्रॉ केलं. ऑफर लेटर आठ काय, चार दिवसात आलं. आणि सगळ्यांना वाटलं काम झालं.

इथे थोडं थांबते कारण हे मला स्वतःला तेव्हा माहीत नव्हतं आणि बऱ्याच आईवडलांना नसतं. ऑफर लेटर म्हणजे कॉलेज तुम्हाला घ्यायला तयार आहे, बस. सीओई, म्हणजे कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट, ही वेगळी गोष्ट, ती कॉलेज सरकारच्या प्रिझम्स नावाच्या सिस्टिममधून काढतं आणि व्हिसाचा जीव त्या सीओईत असतो. तुमच्या व्हिसावर तारीख २०२७ ची असू दे, सीओई कॅन्सल झाली की तुम्ही त्या दिवसापासून कंडिशन ८२०२ मोडताय. ह्या कंडिशनमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, एक म्हणजे रजिस्टर्ड कोर्समध्ये सतत नाव पाहिजे, आणि दुसरी, ज्या लेव्हलच्या कोर्सवर व्हिसा मिळाला त्याच किंवा त्याच्या वरच्या लेव्हलला नाव पाहिजे. तिकडे कोर्सना नंबर असतात, मास्टर्स म्हणजे ९ आणि डिप्लोमा म्हणजे ५. मास्टर्सच्या व्हिसावर डिप्लोमाला बसायचं असेल तर नवीन व्हिसा काढावा लागतो. म्हणजे त्या माणसाचं सगळं अगदी वेळेत झालं असतं तरीही मुलगा कंडिशन मोडूनच बसला असता! मुलं पाठवायचाच ज्यांचा धंदा त्यांना हे माहीत नसेल असं मी कसं मानू?

आणि तेही वेळेत होऊ शकत नव्हतं. मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत दुसरं कॉलेज तुम्हाला घेऊ शकत नाही, जुन्या युनिव्हर्सिटीने रिलीज, म्हणजे दुसरीकडे जायची परवानगी, दिल्याशिवाय. मार्चमध्ये सुरू केलेल्याने जुलैत सोडलं, चार महिने झाले होते. रिलीज मागायचं असतं हेच कुणी सांगितलं नाही, त्याने नुसतं विथड्रॉ केलं. पूर्वी मुलं ह्या सहा महिन्यांतच पहिल्या सीओईवर दुसरी सीओई काढून घ्यायची आणि मग पहिली सोडायची, ती पळवाट २६ ऑगस्ट २०२३ लाच बंद झालीये. म्हणजे जुलै २०२५ मध्ये हा सल्ला देणारा माणूस दोन वर्षं जुन्या जगात होता. नव्या कॉलेजने ऑफर दिली, डिपॉझिट म्हणून हजार डॉलर घेतले आणि सीओई काही निघेना. युनिव्हर्सिटीने आपलं काम केलं, मुलगा सोडून गेला हे त्यांना ३१ दिवसांत सिस्टिमवर कळवावंच लागतं, त्यांनी कळवलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. सपोर्टच्या नंबरवर रोज एकच उत्तर, प्रोसेस में है. मुलाने इकडे आम्हाला काही सांगितलं नाही. मी विचारायचे, कॉलेज कसं चाललंय रे, तो म्हणायचा चाललंय. नवरात्रात व्हिडिओ कॉलवर मी त्याला खिडकीतून गरब्याचा आवाज ऐकवला तर तो नुसता बघत बसला, बोलला नाही काही, मला वाटलं घरची आठवण आली असेल. नंतर सांगितलं की तो रोज सकाळी उठून व्हेवो चेक करायचा, व्हेवो म्हणजे सरकारची फुकट वेबसाईट, पासपोर्ट नंबर वगैरे माहिती टाकली की व्हिसाची स्थिती दिसते, आणि तिथे "इन इफेक्ट" दिसायचं म्हणून हा दिवस काढायचा. कुणाचं मूल असं करत असेल तर त्याला सांगा, कॅन्सल होईपर्यंत तिथे इन इफेक्टच दिसणार. कंडिशन मोडली आहे की नाही हे तिथे कळत नाही.

नोटीस निघाली शुक्रवारी १७ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. तिला एनओआयसीसी म्हणतात, तुमचा व्हिसा कॅन्सल करायचा विचार चालू आहे, करू नये असं वाटत असेल तर का ते लिहून कळवा. वेळ पाच वर्किंग डे.

आणि ती मुलाला मिळालीच नाही. का, तर व्हिसाच्या फाईलवर जो ईमेल आयडी होता तो मुलाचा नव्हताच. ऑफिसने त्याच्या नावाने एक जीमेल बनवला होता, सगळ्यांचेच बनवतात म्हणे, पासवर्ड त्यांच्याकडे. फाईल करताना ते सोयीचं पडतं हे मला समजतं. पण ग्रॅन्ट झाल्यावर तो आयडी बदलून मुलाचा टाकायला किती वेळ लागतो, दहा मिनिटं? इमिग्रेशनवाले तुम्ही दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठवतात आणि पाठवलं की तुम्हाला मिळालं असं धरतात, तुम्ही उघडलं का नाही हा तुमचा प्रश्न. तर मेलबर्नमधल्या मुलाच्या नावाने आलेली नोटीस अलकापुरीतल्या बंद ऑफिसात पडून होती, कारण आपल्याकडे दिवाळीला शटर पडलं की लाभ पाचमेलाच उघडतं, आणि लाभ पाचम होती २६ तारखेला. मुदत संपत होती २४ ला.

त्या ऑफिसात एक मुलगी बसते, तेवीस चोवीस वर्षांची असेल, कागद लावायचं काम करते. तिच्या मोबाईलवर त्या सगळ्या जीमेलचे नोटिफिकेशन येतात. मंगळवारी २१ ला, आपलं लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं आणि पाडवा दुसऱ्या दिवशी, हा जो मधला पडतर दिवस असतो, संध्याकाळी सातला मला तिचा मेसेज आला, "आंटी, आ मेल जुओ ने, अर्जन्ट लागे छे." हा मेल बघा ना, अर्जन्ट वाटतोय. खाली पीडीएफ. तिला सुट्टी होती, तिने बघितलं नसतं तरी तिला कुणी बोललं नसतं. मी कडबोळी तळत होते, हात तेलाचे, चष्मा नाही, ह्यांना म्हटलं वाचा. ह्यांनी वाचलं आणि खुर्चीत बसले. पहिल्या पानावर मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, खाली मायग्रेशन ॲक्ट १९५८ कलम ११६, आणि मग एक वाक्य की रेकॉर्डप्रमाणे तुम्ही जुलैपासून कोणत्याही रजिस्टर्ड कोर्समध्ये एनरोल्ड नाही. मी गॅस बंद केला आणि मुलाला फोन लावला, तिकडे रात्रीचा साडेबारा वाजला होता, पहिल्या रिंगला उचलला. अर्धा तास तो नुसता रडत होता आणि मग सगळं बाहेर आलं.

ऑफिसच्या मालकाला फोन केला. "आंटी, चिंता ना करो, आवं तो बधाने आवे छे, लाभ पाचम पछी जोईए." चिंता करू नका, असं सगळ्यांनाच येतं, लाभ पाचमेनंतर बघू. मी म्हटलं मुदत शुक्रवारी संपतेय. म्हणाले एक्सटेन्शन मागून घेऊ. कसं मागणार, कोण मागणार, ऑफिस तर बंद. मेलबर्नच्या पार्टनरने फोन उचलला नाही, आजपर्यंत उचललेला नाही. ह्या एका फोनसाठी मी शून्य स्टार देतेय. चुकीचा सल्ला एकवेळ माणसाकडून जाऊ शकतो, पण पोराच्या नावाने नोटीस आलीय, तीन दिवस हातात आहेत आणि ज्याने संपूर्ण सहाय्य म्हणून पैसे घेतले तो सण झाल्यावर बघू म्हणतो!

माझ्या भाच्याने रात्री शोधून दिलं. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचा सल्ला फक्त रजिस्टर्ड मायग्रेशन एजंट किंवा वकीलच देऊ शकतो, प्रत्येक एजंटला एक सात आकडी नंबर असतो, ओमारा म्हणजे ह्या एजंटांची नोंदणी करणारं तिकडचं सरकारी ऑफिस, त्याच्या वेबसाईटवर तो नंबर टाकला की माणूस खरा का खोटा ते दिसतं. इकडच्या एजंटला असा नंबर लागत नाही, इकडे बोर्ड लावला की झालं. त्या यादीतून मेलबर्नच्याच एक बाई मिळाल्या, पंजाबी आहेत, हिंदीत बोलतात. त्यांच्या सर्व्हिसचाही रिव्ह्यू ह्यातच लिहिते, पाच स्टार. पहिल्या अर्ध्या तासाचे दीडशे डॉलर, पुढच्या कामाचे किती ते लेखी ॲग्रीमेंट करून आधी सांगितलं, आणि सगळ्यात आधी त्या म्हणाल्या मी गॅरंटी देत नाही. इकडे मला सगळ्यांनी गॅरंटीच दिली होती, त्यामुळे हे ऐकून मला उलट धीर आला.

बुधवारी आपल्याकडे मध्यरात्री दीडला, त्यांची सकाळ सातची, मुलगा आणि मी दोघं कॉलवर. त्यांनी त्याला रागावलं नाही. एकेक तारीख विचारली, कधी विथड्रॉ केलं, कुणाच्या सांगण्यावरून, मेसेज आहेत का, ते सगळे व्हॉट्सॲप मेसेज तारखेसकट स्क्रीनशॉट काढायला लावले. कामाचे तास विचारले, सेशन चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा असते त्याच्या वर गेलाय का, पे स्लिप मागवल्या. मग मला म्हणाल्या आंटी जी, हे कलम ११६ जे आहे त्यात ऑफिसरने कॅन्सल केलंच पाहिजे असं नाही, करू शकतो असं आहे, तो बघतो की मुलगा शिकायलाच आला होता का, किती दिवस मोडलं, हातात नसलेलं काही घडलं होतं का, कॅन्सल केलं तर त्याचं आणि घरच्यांचं काय नुकसान होईल. तर मला ते सगळं कागदावर पाहिजे, रडून सांगितलेलं नको. आणि त्याने आजच्या आज जुन्या युनिव्हर्सिटीत परत ॲडमिशनसाठी अर्ज करायचा, डिप्लोमा विसरायचा.

कागद म्हणजे ह्यांची डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं बिल, मेडिक्लेमने किती दिलं ते पत्र, बँकेचं स्टेटमेंट ज्यात मे महिन्यात पैसे गेलेले दिसतात. पाडव्याच्या दिवशी, म्हणजे इकडचं बेसतं वरस, अख्खं रावपुरा बंद. ओवाळणी झाली आणि हे ती जाड प्लास्टिकची फाईल घेऊन निघाले, मी मागून, एकेक झेरॉक्सचं दुकान बंद, शेवटी सूरसागरच्या बाजूला एका ओळखीच्या काकांच्या घरी गेलो, ते साल मुबारक म्हणून दारात आले आणि ह्यांचा चेहरा बघून तसेच चपला घालून दुकान उघडायला आले. बावीस पानं स्कॅन केली. अँजिओग्राफीचा रिपोर्ट चकचकीत कागदावर असतो, त्यावर ट्यूबलाईटचा पट्टा यायचा, काकांनी लाईट बंद करून दाराच्या उजेडात तो तीनदा घेतला. पैसे घेतले नाहीत.

शुक्रवारी २४ ला मेलबर्नच्या दुपारी उत्तर गेलं, मुलाचं स्वतःचं चार पानी निवेदन, त्यात त्याने माझी चूक झाली, मी घरी सांगायला हवं होतं, मी युनिव्हर्सिटीला विचारायला हवं होतं असं सरळ लिहिलंय, त्या बाईंनीच सांगितलं की एजंटवर सगळं ढकलू नकोस, तू काय केलंस ते लिही. सोबत परत ॲडमिशनच्या अर्जाची पावती. सीओई ३० ऑक्टोबरला आली, निर्णय अजून झाला नव्हता त्यामुळे तीही मागून पाठवली. नोव्हेंबरचा ट्रायमेस्टर त्याने त्याच मास्टर्समध्ये सुरू केला. फी माझ्या दोन बांगड्या आणि त्याच्या मामाचे पैसे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं, व्हिसा कॅन्सल करत नाही. ह्यावेळी ते त्याच्या स्वतःच्या ईमेलवर आलं, बाईंनी पहिल्याच दिवशी ते बदलून घेतलं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही हेही लिहायला पाहिजे. माझ्या मैत्रिणीचा भाचा आहे, त्याचा कॅन्सल झाला. त्याने जवळजवळ वर्षभर कुठेच नाव घातलं नव्हतं आणि नोटिसीला उत्तरच दिलं नाही, घाबरून. कॅन्सल झाल्यावर ट्रायब्युनलकडे जाता येतं, आता त्याला एआरटी म्हणतात, १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुनं एएटी बंद होऊन हे आलं, पण त्याची फीच तीन हजार डॉलरच्या वर आहे आणि अर्जाची मुदत चुकली की दार बंद. तोपर्यंत राहायचं तर ब्रिजिंग, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर, तिथे बसून दुसरा व्हिसा टाकायचे रस्तेही बहुतेक बंद होतात, आणि परत आल्यावर पुढच्या अर्जाला तीन वर्षांची आडकाठी येऊ शकते. तो मुलगा आता इथेच आहे, वडलांच्या दुकानात बसतो. हुशार आहे हो पोरगा. त्याची आई लग्नकार्यात भेटली की आधीच नजर चुकवते, कारण सगळे एकच विचारतात, कधी आला, परत कधी जाणार.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त जे लागलं ते हे की सोपा रस्ता होता आणि तो आम्हाला पैसे घेऊन कुणी दाखवला नाही. घरात आजारपण असलं, काही मोठी अडचण असली तर युनिव्हर्सिटीकडून लेखी परवानगी घेऊन एक सत्र थांबता येतं, ते कागद लावून मागायचं असतं. फी हप्त्यात भरायचीही सोय बऱ्याच ठिकाणी असते. ह्यांची डिस्चार्ज समरी तेव्हाच, जूनमध्ये युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला पाठवली असती तर दिवाळीत ती इमिग्रेशनला पाठवायची वेळ आली नसती. मी सकाळी कमाटीबागेत चालायला जाते, वाटेत बाबासाहेब आंबेडकरांची संकल्पभूमी लागते. बाबासाहेब १९१३ साली ह्याच बडोद्याच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेले, पुढे लंडनला शिकत असताना १९१७ मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपली आणि शिक्षण अर्ध्यावर ठेवून परत यावं लागलं. पण येताना चार वर्षांत परत येऊन पूर्ण करायची परवानगी घेऊन आले होते, आणि १९२० मध्ये गेले परत. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्यातला हा परवानगीचा भाग माझ्या डोक्यात आत्ता बसला. मुलालाही फोनवर सांगितली, तो म्हणाला आई हे मला जूनमध्ये सांगायचं होतंस. मी म्हटलं तू जूनमध्ये मला काही सांगितलं असतंस तर सांगितली असती.

लाभ पाचम झाल्यावर मी ऑफिसात गेले होते. पॅकेजचा छापील कागद समोर ठेवला, शेवटच्या ओळीवर पेनाने रेघ मारून. मालक म्हणाले सहाय्य म्हणजे मार्गदर्शन, निर्णय विद्यार्थ्याचा. मी म्हटलं मार्गदर्शनाचेच मेसेज दाखवते, आणि सगळे वाचून दाखवले, समोर दोन घरची माणसं बसली होती, त्यातल्या एक ताई उठून माझ्या खुर्चीजवळ आल्या आणि म्हणाल्या जरा हळू वाचा, आमच्या मुलीची फाईल आहे. त्या डिप्लोमा कॉलेजचे हजार डॉलर त्यांनी जानेवारीत परत करवून दिले, हे मान्य करते. माझे एकोणतीस हजार पाचशे अजून यायचेत. मुलीला, त्या मेसेजवाल्या, मी काही बोलले नाही तिथे, तिची नोकरी आहे. फराळाचा डबा तिच्या घरी पोचवला.

तर तुम्ही अशा कुठल्या ऑफिसात बसला असाल तर फी, शहर, पार्ट टाईम हे सगळं विचाराल तेव्हा हेही विचारा की फाईलवर ईमेल कुणाचा टाकणार आणि ग्रॅन्टनंतर तो बदलून कोण देणार. पॅकेज घेत असाल तर कॉलेज बदलायचा सल्ला कोण देणार, त्याचा सात आकडी नंबर काय, तो कागदावर लिहून मागा, नाही दिला तर पैसे देऊ नका, गाडी आणि सिमसाठी तीस हजार फार होतात. फाईलपुरतं ह्यांच्याकडे जायला माझी हरकत नाही, ते काम त्यांना येतं. आणि मुलांना सांगून ठेवा की पहिल्या सहा महिन्यांत रिलीज मिळाल्याशिवाय आणि त्यानंतर हातात नवीन सीओई आल्याशिवाय जुनी सोडायची नाही, आणि ती सीओई त्याच लेव्हलची आहे ना हे बघून घ्यायचं, ऑफर लेटरचा फोटो पाठवून कुणी अभिनंदन म्हटलं तरी. आमचा आता दर ट्रायमेस्टरला सीओईचा स्क्रीनशॉट मला पाठवतो, मी मागत नाही, तोच पाठवतो.

पैशासाठी पुढच्या सोमवारी परत जाणार आहे. भिंतीवरचा त्याचा फोटोही काढून मागणार आहे.